फोर्टचा नकाशा आणि लोकांच्या इमारती

मुंबईत रिगल सिनेमासमोरच्या चौकात महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे. ही दगडी इमारत पोलिसांसाठी बांधलेली नाही. बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांच्या देणगीतून आणि एफ. डब्ल्यू. स्टिव्हन्स यांच्या आराखड्यानुसार ती १८७६ मध्ये पूर्ण झाली, ती बंदरात उतरणाऱ्या खलाशांच्या मुक्कामासाठी. १९२८ मध्ये सरकारने ती कायदेमंडळासाठी घेतली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी विधानसभेवर निघालेला आणि फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबाराला सामोरा गेलेला मोर्चा याच इमारतीकडे चालला होता. १९८१ मध्ये नरिमन पॉइंटला नवे विधान भवन उभे राहिले, विधिमंडळ तिकडे गेले आणि इमारत पोलिसांकडे आली. खलाशी, आमदार, पोलीस असे तीन वापर झाले, पण इमारत सार्वजनिक हातांतून बाहेर गेली नाही.

फोर्टमध्ये अशा इमारती पावलोपावली आहेत. जुन्या सचिवालयात आज दिवाणी व सत्र न्यायालय भरते. टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी आणि राज्य मध्यवर्ती ग्रंथालय नांदतात. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची इमारत १९१४ मध्ये बांधून झाली; पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय चालले आणि संग्रहालयाचे दार उघडायला १९२२ साल उजाडले. इमारती जागच्या जागी राहतात आणि त्यांच्या आतले काम बदलत जाते. शहराचा जमीन वापर नकाशा मात्र वीस-वीस वर्षे तसाच राहतो. या दोन गतींमधल्या तफावतीतून अनेक प्रश्न उभे राहतात आणि शहराच्या मध्यभागात ते सर्वांत तीव्र असतात, कारण सार्वजनिक इमारतींची दाटी तिथेच असते.

तटबंदी पडली, मैदान उघडले

फोर्टमधली सार्वजनिक इमारतींची रांग योगायोगाने उभी राहिलेली नाही. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात किल्ल्याची तटबंदी पाडण्याचा निर्णय झाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि शहरात पैसा खेळत होता. तट पाडून मोकळी झालेली जमीन विकायची आणि त्या पैशातून सरकारी, नागरी आणि शैक्षणिक इमारती बांधायच्या, अशी योजना आखली गेली. आजच्या ओव्हल मैदानाच्या कडेने त्या एकामागून एक उभ्या राहिल्या: १८७२ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याचे कार्यालय, १८७४ मध्ये सचिवालय आणि विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह, १८७८ मध्ये राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय. पुढे १८८८ मध्ये आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८९३ मध्ये महापालिका मुख्यालय आणि १९१३ मध्ये जनरल पोस्ट ऑफिस यांची भर पडली.

म्हणजे जमिनीचा एक भाग विकायचा आणि दुसरा लोकांच्या कामासाठी राखायचा, हे सूत्र या भागाच्या जन्मापासूनच आहे. मुंबईच्या मध्यभागाला मोल आले ते या इमारतींमुळे. खटल्याची तारीख, दाखल्याची प्रत, परीक्षेचा निकाल, उपचार, पेन्शन यांपैकी काही ना काही काम काढून विरार-कल्याणहून माणसे इथे येतात. त्यांच्या येण्याजाण्यावर खानावळी, झेरॉक्सची दुकाने, टंकलेखक, नोटरी, वकिलांच्या कचेऱ्या असे सारे जग चालते.

भारतातला पहिला नगररचना कायदा मुंबई प्रांताने १९१५ मध्ये केला. संपूर्ण शहराचा विकास आराखडा करण्याची सक्ती मात्र १९५४च्या कायद्याने आली. मुंबईचा पहिला आराखडा १९६०च्या दशकात झाला. दुसरा १९८१ ते २००१ या काळासाठी होता, पण त्याला टप्प्याटप्प्याने मंजुरी मिळाली ती १९९१ ते १९९४ या वर्षांत, आणि शहराने तो २०१८ पर्यंत वापरला. २००१ साठी कल्पिलेल्या शहराचा नकाशा आणखी सतरा वर्षे मुंबईवर राज्य करत राहिला. या काळात गिरण्या बंद पडून टॉवर उभे राहिले, कार्यालये वांद्रे-कुर्ला संकुलात गेली आणि फोर्टमधल्या कित्येक इमारतींच्या आतले काम पार पालटले.

एका अक्षराचा फरक

महाराष्ट्रात या विषयाचा मूळ आधार म्हणजे १९६६चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. आराखड्यात काय असावे, हे कलम २२ सांगते. त्यात शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, मंडया, नाट्यगृहे, संग्रहालये, कलादालने यांच्यासोबत सरकारी आणि इतर सार्वजनिक इमारतींचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम २५ नुसार आराखडा आखण्याआधी शहराची पाहणी करून विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार करावा लागतो. कुठे काय असावे हे ठरवण्याआधी कुठे काय आहे ते लिहून काढा, असा हा क्रम आहे. पहिली पायरी चुकली तर पुढचे सगळेच डळमळते.

मुंबईच्या सध्याच्या, म्हणजे २०३४पर्यंतच्या आराखड्यात ही नोंद कशी होते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. कोणीही नागरिक शुल्क भरून महापालिकेकडून एखाद्या भूखंडाचा ‘डीपी रिमार्क’ काढू शकतो. शहर भागात त्यासाठी विभागाचे नाव आणि सी. एस. (भूमापन) क्रमांक द्यावा लागतो. हाती येणाऱ्या कागदावर भूखंड कोणत्या झोनमध्ये येतो, त्यावर आरक्षण आहे का, रस्तारुंदीची रेषा जाते का, वारसा यादीत त्याचे नाव आहे का, हे लिहिलेले असते. अस्तित्वात असलेल्या सुविधेचा सांकेतिक क्रमांक ‘डी’ने सुरू होतो आणि भविष्यात हव्या असलेल्या सुविधेचा ‘आर’ने. पालिकेची शाळा आधीच चालू असेल तर डीई १.१, शाळेसाठी जागा राखून ठेवली असेल तर आरई १.१. पहिल्याला सगळे ‘डेझिग्नेशन’ म्हणतात, दुसऱ्याला ‘आरक्षण’.

या एका अक्षरावर बरेच काही अवलंबून असते. आरक्षित खासगी जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या ठरावीक मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण गळून पडते. आरक्षणांची अंमलबजावणी मुळातच मंद आहे. दुसऱ्या आराखड्यातली आरक्षणे जेमतेम एक-तृतीयांश प्रत्यक्षात आली, असे मानले जाते. त्यामुळे जी सुविधा आज उभी आहे आणि चालू आहे, तिची नोंद अचूक असणे अधिकच मोलाचे ठरते. नवी शाळा मिळवायला पिढी जाते, पण असलेली शाळा नकाशातून एका चुकीने पुसली जाऊ शकते.

मुंबईचा आणखी एक विशेष असा, की इथे सार्वजनिक इमारतींचा वेगळा झोन नाही. राज्यातल्या बहुतेक शहरांना २०२०ची एकत्रित नियमावली लागू आहे. तिच्यात सार्वजनिक-निमसार्वजनिक असा स्वतंत्र वापर विभाग आहे. मुंबईत मात्र निवासी, वाणिज्य, औद्योगिक असे झोन आधी रंगवले जातात आणि सार्वजनिक सुविधेची खूण त्यांच्यावर येते. ती खूण निसटली की खाली उरतो साधा निवासी किंवा वाणिज्य भूखंड. फोर्टसारख्या ठिकाणी वाणिज्य भूखंडाचे मोल काय होते, ते सांगायला नको.

२०१५चा धडा

ही भीती कल्पनेतली नाही, हे मुंबईने २०१५ मध्ये अनुभवले. तिसऱ्या आराखड्याच्या तयारीत आधी विद्यमान जमीन वापराची पाहणी झाली आणि २०१२-१३च्या सुमारास तिचे नकाशे लोकांसमोर आले. अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांनी आणि ठिकठिकाणच्या नागरिक गटांनी ते प्रभागवार तपासले. बऱ्याच चुका सापडल्या आणि त्या कळवण्यातही आल्या. मात्र फेब्रुवारी २०१५ मध्ये आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात गोंधळ भरपूर शिल्लक होता. उभ्या इमारतींवरून रस्ते आखले होते, वारसा वास्तू नोंदीतून गळल्या होत्या, धार्मिक स्थळे आणि सार्वजनिक सुविधा चुकीच्या वापराखाली दाखवल्या होत्या. त्यातच स्थानकांजवळ आठपर्यंत चटई क्षेत्र निर्देशांक आणि आरे वसाहतीत बांधकामाला वाट असे प्रस्ताव होते. शहर खवळले. साठ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या.

एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मसुदा रद्द करून फेररचनेचा आदेश दिला. निवृत्त सनदी अधिकारी रामनाथ झा यांच्याकडे ते काम आले. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, पुन्हा हरकती, पुन्हा सुनावण्या झाल्या, आणि मे २०१८ मध्ये राज्य सरकारने आराखडा मंजूर केला. त्याची नियमावली १ सप्टेंबर २०१८ पासून अमलात आली.

या घडामोडीत एक गोष्ट ठळकपणे दिसली. आराखड्यावर आजवर तज्ज्ञ, बिल्डर, वास्तुरचनाकार बोलत. या वेळी शाळेचे पालक, चर्चचे विश्वस्त, वाचनालयाचे सभासद, मैदानावर खेळणारी मुले रस्त्यावर उतरली. आपली शाळा, आपले वाचनालय नकाशात नाही किंवा भलत्याच रंगात आहे, हे सामान्य माणसाला लगेच कळले. चटई क्षेत्र निर्देशांकाची आकडेमोड कळायला अभ्यास लागतो. रोजच्या वाटेवरचा दवाखाना नकाशात आहे की नाही, हे सांगायला लागत नाही. सार्वजनिक इमारतींची नोंद हा म्हणूनच आराखड्यातला सर्वांत लोकाभिमुख भाग आहे. ती तपासण्याचे काम लोकांइतके चांगले कोणीही करू शकत नाही. २०१५ मध्ये ते त्यांनी चळवळ करून केले. ते नेहमीच्या कामकाजाचा भाग असते तर तीन वर्षे वाचली असती.

नकाशा मागे का पडतो

सगळा दोष पाहणी करणाऱ्यांवर टाकून भागणार नाही. नकाशा मागे पडण्याची कारणे व्यवस्थेतच आहेत आणि मध्यभागात ती एकत्र येतात.

पहिले कारण मालकीचे. फोर्टमध्ये शेजारी शेजारी उभ्या असलेल्या इमारतींचे धनी वेगवेगळे आहेत. टपाल खाते, टांकसाळ, रिझर्व्ह बँक, सीमाशुल्क, रेल्वे, नौदल हे केंद्राच्या छत्राखाली. न्यायालये, पोलीस, सरकारी महाविद्यालये राज्याची. मंडया आणि पालिका शाळा महापालिकेच्या. बॅलार्ड इस्टेटची जमीन बंदराची. विद्यापीठ स्वायत्त, एशियाटिकसारख्या संस्था निराळ्या. आपल्या इमारतीचा वापर बदलला की पालिकेच्या नियोजन विभागाला कळवायचे, ही सवय यांपैकी कोणालाच नाही.

दुसरे कारण कायद्यात आहे. खासगी मालकाला काही बांधायचे किंवा वापर बदलायचा तर पालिकेची परवानगी लागते आणि त्या निमित्ताने नोंद होते. सरकारी खात्याला कलम ५८ खाली वेगळी वाट आहे. काम सुरू करण्याच्या किमान तीस दिवस आधी नियोजन प्राधिकरणाला लेखी कळवायचे. प्राधिकरणाने हरकत घेतली आणि ती मिटली नाही, तर निर्णय राज्य सरकारचा. इमारत तीच ठेवून फक्त आतले कार्यालय हलले, तर एवढाही पत्रव्यवहार होत नाही. सार्वजनिक इमारतींचे बदल नियोजनाच्या टेबलावर सर्वांत उशिरा पोहोचतात ते त्यामुळे.

तिसरे कारण असे, की मध्यभाग एकाच नियोजन प्राधिकरणाकडे नाही. बृहन्मुंबईचे क्षेत्र सुमारे ४५८ चौरस किलोमीटर; त्यातले सुमारे ४३ चौरस किलोमीटर विशेष नियोजन प्राधिकरणांकडे असल्याने पालिकेचा आराखडा ४१५ चौरस किलोमीटरचाच झाला. बॅकबे भरावाच्या नरिमन पॉइंट-कफ परेडकडच्या भागांसाठी हे काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे दिले गेले होते. चर्चगेटहून नरिमन पॉइंटला चालत जाणाऱ्याला कुठेच हद्द दिसत नाही. नकाशात मात्र ती असते. उच्च न्यायालय एका नकाशात आणि चालत गेल्यास काही मिनिटांवरचा नरिमन पॉइंट दुसऱ्यात, अशी ही वाटणी आहे.

चौथे कारण नकाशाच्या स्वभावातच आहे. नकाशा सपाट असतो, इमारत मजल्यांची. एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत वर्ग भरत होते आणि राज्याचे पुराभिलेखागारही तिथेच होते. २०१९ मध्ये डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ स्थापन झाले आणि विज्ञान संस्था, एल्फिन्स्टन, सिडनहॅम ही महाविद्यालये त्याचे घटक बनली. २०२४ मध्ये जी. टी. आणि कामा ही दोन जुनी रुग्णालये मिळून नवे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. म्हणजे रुग्णालयाच्या आवारात आता व्याख्यानगृह, प्रयोगशाळा, वसतिगृह यांची गरज उभी राहिली. २०१८च्या नकाशात यातले काहीच येणे शक्य नव्हते. रुग्णालयाचे सांकेतिक चिन्ह तिथे तसेच आहे आणि चुकीचेही नाही, पण त्यावरून पुढच्या गरजा कळत नाहीत.

दगड राखला, वापर नाही

यावर एक उत्तर हमखास ऐकू येते: फोर्टमधल्या इमारती वारसा यादीत आहेतच, मग वेगळी काळजी कशाला? मुंबईने १९९५ मध्ये देशात सर्वप्रथम वारसा नियमावली आणली आणि सहाशेहून अधिक वास्तू व परिसर तिच्या कक्षेत घेतले. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह, एकूण ९४ वास्तू, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. हे यश मोठे आहे आणि त्यामागे नागरिकांची कित्येक वर्षांची मेहनत आहे.

पण वारसा श्रेणी राखते ती कमानी, छप्पर, जिने, खिडक्या. आत न्यायालय असावे की हॉटेल, हा तिचा मुख्य विषय नाही. वापर राखण्याचे काम जमीन वापराच्या नोंदीचे. एखादी श्रेणी एकची इमारत बाहेरून जशीच्या तशी राहील आणि तिच्या पायऱ्या चढण्याचा सामान्य माणसाचा हक्क मात्र संपेल, असे सहज होऊ शकते. उलट, वारसा यादीत नसलेल्या साध्या इमारतीतला दवाखाना किंवा अभ्यासिका लोकांच्या रोजच्या जगण्यात कितीतरी मोठी असते आणि तिला दगडाचे संरक्षणही नसते. ही दोन संरक्षणे एकमेकांची जागा घेत नाहीत. दोन्ही लागतात.

याची दुसरी बाजूही खरी आहे. नोंद फार आवळली तर इमारत गुदमरते. काळा घोड्याजवळचे सर कावसजी जहांगीर सभागृह १९११चे. संगीताच्या मैफलींपासून मुष्टियुद्धापर्यंत आणि कामगारांच्या सभांपासून प्रदर्शनांपर्यंत सारे तिथे झाले, मग त्याला उतरती कळा लागली. १९९६ मध्ये ते राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय म्हणून पुन्हा उघडले आणि इमारतीला नवे आयुष्य मिळाले. ‘सभागृह म्हणजे सभागृहच’ असा हट्ट धरला असता तर हे झाले नसते. पुण्यातला विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावाचे निवासस्थान होता. तिथे १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा आली आणि पुढे पालिकेचे कार्यालय. जुन्या इमारतींची देखभाल महाग असते आणि त्यासाठी थोडाफार व्यावसायिक वापर मान्य करावा लागतो, हेही समजून घ्यायला हवे. म्हणून नियम असा हवा, की एका सार्वजनिक वापरातून दुसऱ्या सार्वजनिक वापरात जाणे सोपे असेल आणि सार्वजनिक वापरातून बाहेर पडणे अवघड. आज कागदोपत्री या दोन बदलांमध्ये पुरेसा फरक केला जात नाही.

दिल्ली, सिंगापूर, पणजी

मध्यभागातल्या सार्वजनिक जमिनीचा वापर बदलण्यावरून देशात गाजलेला सर्वांत मोठा वाद दिल्लीचा. सेंट्रल व्हिस्टा प्रकल्पासाठी संसद परिसरातल्या भूखंडांचा जमीन वापर बदलण्याची जाहीर सूचना डिसेंबर २०१९ मध्ये निघाली आणि मार्च २०२० मध्ये बदल अधिसूचित झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ५ जानेवारी २०२१ रोजी न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने प्रकल्पाला मान्यता दिली. न्या. संजीव खन्ना यांचे मत वेगळे पडले आणि त्याचा रोख नेमका जमीन वापर बदलाच्या प्रक्रियेवर होता: लोकांसमोर पुरेशी माहिती ठेवली का, वारसा समितीची मान्यता आधी घेतली का. निकाल बहुमताचा लागू झाला. पण बहुमत आणि अल्पमत या दोन्हींत मिळून जमीन वापर बदल ही तांत्रिक बाब इतक्या विस्ताराने तपासली गेली, की इतर शहरांच्या नियोजनकारांनी ते निकालपत्र वाचलेच पाहिजे.

सिंगापूरचा अनुभव मुंबईला जवळचा वाटावा असा आहे. तिथल्या मध्यभागातही ब्रिटिश काळातल्या सरकारी इमारतींची रांग आहे. तिथले सर्वोच्च न्यायालय २००५ मध्ये नव्या इमारतीत गेले. जुने न्यायालय आणि शेजारचा सिटी हॉल जोडून २०१५ मध्ये राष्ट्रीय कलादालन उघडले. जुनी संसद २००४ मध्ये कला केंद्र झाली. या सगळ्यामागे एक नियमित यंत्रणा आहे: तिथल्या कायदेशीर बृहद् आराखड्याचा दर पाच वर्षांनी आढावा होतो आणि त्यात नागरी व सामुदायिक संस्थांसाठी वेगळा वापर विभाग आहे. एक संस्था इमारत सोडते तेव्हा पुढे काय, या प्रश्नाला नकाशात आधीपासून जागा असते. मुंबईने सिंगापूरची नक्कल करावी असे नाही. तिथे जमिनीवरचे सरकारी नियंत्रण इतके आहे की तुलना तोकडी पडते. पण पाच वर्षांची शिस्त घेण्यासारखी आहे.

पणजीत मांडवीकाठचा आदिलशाही राजवाडा पोर्तुगीज काळापासून सत्तेचे ठिकाण होता. मुक्तीनंतर तिथे सचिवालय होते आणि विधानसभाही. २०००च्या सुमारास विधानसभा पर्वरीच्या नव्या संकुलात गेली. आज त्या वाड्यात प्रदर्शने भरतात, कला महोत्सवांच्या काळात माणसांची रीघ लागते. नदीकाठचा तो मोक्याचा भाग लोकांसाठी खुला राहिला.

उच्च न्यायालय हलल्यावर

आता हाच प्रश्न मुंबईच्या दाराशी आला आहे. उच्च न्यायालयाला फोर्टमधली जागा कित्येक वर्षांपासून अपुरी पडते. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विषयाची स्वतःहून दखल घेतली, वांद्रे पूर्वेच्या सरकारी वसाहतीतली जमीन टप्प्याटप्प्याने मिळू लागली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथे नव्या संकुलाचे भूमिपूजन झाले. न्यायालयाचा मोठा कारभार पुढे तिकडे जाईल. मग १८७८च्या इमारतीचे काय? तिथे न्यायालयाचा काही भाग राहील, संग्रहालय होईल, विधी ग्रंथालय होईल की विद्यापीठाला जागा मिळेल? न्यायालय हलले की भोवतालच्या वकिलांच्या कचेऱ्या, पुस्तकांची दुकाने, टंकलेखक हेही हलतील, म्हणजे आजूबाजूच्या वाणिज्य भूखंडांचा वापरही बदलेल. एका इमारतीचे हे स्थलांतर अख्ख्या परिसराच्या नकाशावर परिणाम करणारे आहे.

उलट दिशेचे उदाहरण नरिमन पॉइंटला आहे. एअर इंडियाची १९७४ची तेवीस मजली इमारत राज्य सरकारने १,६०१ कोटी रुपयांना घेण्याचा निर्णय २०२३ मध्ये केला आणि मार्च २०२४ मध्ये केंद्राची मान्यता आली. जून २०१२ मधल्या मंत्रालयाच्या आगीनंतर विखुरलेली सरकारी कार्यालये एकत्र आणण्यासाठी ही खरेदी आहे. विमान कंपनीचे कार्यालय असलेली इमारत आता सरकारी होणार, म्हणजे तिथे राज्यभरातून कामासाठी माणसे येणार. बसथांबा, फूटपाथ, शौचालय, दिव्यांगांसाठी वाट, चौकशी कक्ष या सगळ्या गोष्टी जमीन वापराच्या बदलातून ओघाने येतात. वापर बदलाची नोंद झाली तर या सोयींची मागणी अधिकृतपणे करता येते. नोंदच नसेल तर मागणी कोणाकडे आणि कशाच्या आधारावर करायची?

कायद्यात यासाठी वाट आहे. कलम ३८ म्हणते, की आराखडा अमलात आल्यापासून वीस वर्षांत किमान एकदा त्याची सुधारणा करावी. ‘किमान’ हा शब्द कायद्याचाच आहे. लवकर करायला बंदी नाही. कलम ३७ नुसार आराखड्याचे मूळ स्वरूप न बदलणारा फेरबदल सूचना, हरकती आणि सरकारची मंजुरी या मार्गाने मधल्या काळातही करता येतो. आज हे कलम बहुतेक वेळा एकेका भूखंडासाठी, मालकाच्या किंवा खात्याच्या मागणीवरून वापरले जाते. त्याच कलमाखाली महापालिकेने मध्यभागातल्या सर्व सार्वजनिक इमारतींचे बदल वर्षातून एकदा एकत्र करून एकाच प्रस्तावात मांडले तर नकाशा वर्षभरापेक्षा अधिक मागे पडणार नाही. फोर्ट-कुलाब्याच्या ए विभागापासून याची सुरुवात करता येईल.

त्यासाठी आधी सार्वजनिक इमारतींची नोंदवही हवी: सी. एस. क्रमांक, मालक, ताबा कोणाचा, प्रत्येक मजल्यावर कोणते काम चालते, लोकांना कुठवर प्रवेश आहे, वारसा श्रेणी कोणती, आराखड्यातले सांकेतिक चिन्ह कोणते. २०३४चा आराखडा संगणकीय नकाशावर असल्याने ही वही त्याला जोडणे तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही. कलम ५८ खाली येणारे प्रत्येक पत्र तिच्यात चढले पाहिजे. पालिका आणि विशेष नियोजन प्राधिकरणे यांचे नकाशे किमान या एका विषयापुरते एकाच पानावर आले पाहिजेत. आणि एखादी संस्था इमारत सोडणार असे ठरताच तिच्या पुढच्या वापराची जाहीर सुनावणी व्हावी. तोपर्यंत भूखंडावरचे ‘डी’ अक्षर हलू नये.

सध्याचा आराखडा २०१८ मध्ये अमलात आला; कायद्याची वीस वर्षांची मुदत २०३८ मध्ये भरते. मागचा अनुभव पाहता पाहणी, मसुदा, हरकती आणि मंजुरी यांना आठ-दहा वर्षे सहज लागतात, म्हणजे पुढच्या विद्यमान वापर पाहणीची तयारी या दशकातच सुरू व्हायला हवी. वांद्र्याचे न्यायालय संकुल त्याआधी उभे राहण्याची शक्यता आहे. फोर्टमधल्या जुन्या इमारतीत पुढे काय असावे, यावरच्या हरकती-सूचना मागवण्याची योग्य वेळ न्यायाधीशांची दालने रिकामी होण्याच्या आधीची आहे. ए विभागाची नोंदवही हे त्यासाठीचे पहिले काम आहे आणि ते करायला महापालिकेला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.